फळ ओसरल्यावर

वाइन जितकी जुनी तितकी चांगली, हे वाक्य नाशिककडे मी ज्यांच्या तोंडून ऐकलं त्यातल्या बहुतेकांनी वाइनचा घोटही घेतलेला नव्हता. फ्रान्समध्ये राहायला आल्यावर कळलं की इथल्या लोकांचा अनुभव जवळजवळ उलटा आहे. इथे होणारी बहुतेक वाइन दोन-तीन वर्षांत पिऊन संपवायची असते. आमच्या लियाँ शहराच्या उत्तरेला बोजोले आहे. तिथली नव्या हंगामाची वाइन नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाजारात येते आणि नाताळपर्यंत तिची नवलाई संपलेलीही असते. अशी बाटली कुणी पंधरा वर्षं जपली तर हाती येईल ते निस्तेज, आंबूस पाणी. वय झेपायला मुळात अंगात काही असावं लागतं: तुरटपणा, आंबटपणा आणि या दोघांना पुरून उरेल इतकं फळ. हे तिन्ही असलेल्या लाल वाइन थोड्या. त्यातल्या थंड, अंधाऱ्या जागी कुणी न हलवता आडव्या पडून राहिलेल्या आणखी थोड्या. आणि त्याही ‘चांगल्या’ होतात असं मी म्हणणार नाही, त्या दुसरंच काहीतरी होतात. ज्याला ताज्या फळाचा रसरशीतपणा आवडतो त्याने जुन्या बाटलीच्या नादी लागू नये. पैसेही वाचतील.

मला हा नाद लावला तो शेजाऱ्यांनी. आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. मनातल्या मनात मी त्यांना काका म्हणते. ते मला इतक्या वर्षांनीही ‘मादाम’ म्हणतात. इथल्या जुन्या इमारतींना तळघर असतं आणि प्रत्येक बिऱ्हाडाला त्यातला एक कुलूपबंद कप्पा मिळतो. आमच्या कप्प्यात सुटकेसा, मुलीची लहानपणीची सायकल आणि ‘लागेल कधीतरी’ म्हणून ठेवलेली खोकी. काकांच्या कप्प्यात बाटल्या. ऐंशीच्या दशकात आणि नव्वदीच्या सुरुवातीला ते सुट्टीच्या दिवशी गाडी काढून थेट बागाईतदारांच्या दारात जायचे आणि खोकी भरून आणायचे. रेल्वेच्या पगारात हे परवडायचं, यावर आज कुणाचा विश्वास बसणार नाही.

पण तेव्हा परवडायचं. लियाँहून ऱ्होन नदीच्या काठाने दक्षिणेला अर्धा-पाऊण तास गेलं की आंप्वी नावाचं गाव लागतं. त्याच्या डोक्यावर कोत-रोतीचे उतार आहेत, इतके उभे की खालून बघताना मान दुखते. दगडी बांध घालून पायऱ्या पाडलेल्या आणि प्रत्येक वेल लाकडी खुंट्यांना बांधलेली. यंत्र चालणं अशक्य; सगळं पाठीवर. साठ-सत्तरच्या दशकात यातली बरीच जमीन पडीक होती. खालच्या सपाटीवरची जर्दाळूची झाडं आणि भाजीपाला जास्त पैसे द्यायचा, आणि जवळच्या कारखान्यांचा पगार त्याहून जास्त. पुढे गिगाल या तिथल्या वाइनवाल्या घराण्याने एकेका तुकड्याची वेगळी वाइन काढली: 1966पासून ला मुलीन, 1978पासून ला लांदोन, 1985पासून ला तुर्क. रॉबर्ट पार्कर या अमेरिकी समीक्षकाने तिला शंभरपैकी शंभर गुण द्यायला सुरुवात केली आणि डोंगराचं नशीब फिरलं. काकांची खरेदी या फिरण्याच्या जेमतेम आधीची.

अप्पा, म्हणजे माझे वडील, एका सप्टेंबरात आमच्याकडे आले होते तेव्हा त्यांना मी तिकडे घेऊन गेले. आमची निफाडला थॉमसन द्राक्षांची बाग आहे. अप्पा दारूच्या थेंबाला शिवत नाहीत, त्यामुळे वाइनमध्ये त्यांना रस नव्हता. वेलीत मात्र होता. त्यांनी सिरा द्राक्षाचा एक मणी तोंडात टाकला, बिया थुंकल्या आणि म्हणाले, “एवढ्याशा मण्यात खायचं काय?” मग एकरी किती टन निघतात ते विचारलं. मी नियमातली मर्यादा बघून हिशेब केला: दोन, फार तर सव्वादोन. अप्पांनी मागे वळून पुन्हा तो डोंगर पाहिला. निफाडला एकरी दहा-बारा टन काढणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत दया आणि संशय एकत्र दिसले. नंतर ते खाली वाकले, खोडाच्या बुडाशी असलेली कलमाची गाठ बोटाने चाचपली आणि विचारलं, “खुंट कोणता?”

इतका नेमका प्रश्न मी तरी तिथे याआधी कुणाला विचारलेला नव्हता. एकोणिसाव्या शतकात, 1860च्या दशकापासून, अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा या मुळं खाणाऱ्या किडीने फ्रान्सच्या बागा साफ केल्या. उपाय सापडला तो अमेरिकेतच. तिथल्या रानवेलींची मुळं या किडीला पुरून उरतात, म्हणून त्यांच्या खुंटावर, म्हणजे मुळासकटच्या बुडख्यावर, फ्रेंच वेलीचा डोळा बांधायचा. आज फ्रान्समधली जवळजवळ प्रत्येक वेल कमरेखाली अमेरिकी आहे. आणि अप्पांची थॉमसन डॉगरिजवर उभी आहे, तोही अमेरिकी खुंटच. फक्त आपल्याकडे तो लावतात पाण्याच्या टंचाईमुळे आणि खारट जमिनीमुळे. अप्पांना हे सांगितल्यावर त्या डोंगराशी त्यांचं थोडं जुळलं. हिवाळ्यात इथली वेल पानं गाळून गाढ झोपते हे मात्र त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. आपल्याकडे झोप कुठली? एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी, वेलीला सुट्टी नाहीच.

जुनी बाटली उघडायची तर तयारी दोन दिवस आधी सुरू होते. काका बाटली उभी करून ठेवतात, म्हणजे आडव्या अंगाला साचलेला गाळ तळाशी उतरतो. बुचाच्या माथ्यावर काळी बुरशी असते, ती ओल्या फडक्याने पुसायची. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. साधा स्क्रू लावला तर जुनं बूच भुसभुशीत होऊन आत पडतं, म्हणून ते दोन पातळ पात्यांचं अवजार वापरतात. पाती बूच आणि काच यांच्या फटीत हळूहळू सरकवायची आणि पिळत वर काढायचं. मग बाटलीच्या मानेखाली दिवा धरून वाइन एका धारेत दुसऱ्या भांड्यात ओतायची आणि मानेपाशी गाळाची पहिली काळी रेघ दिसली की थांबायचं. पुस्तकी पद्धतीत तिथे मेणबत्ती असते. काकांकडे रेल्वेची जुनी विजेरी आहे.

त्या संध्याकाळी उघडली ती 1991ची कोत-रोती, एका लहान बागाईतदाराची, लेबल ओलीने अर्धं गेलेलं. रंग मध्यभागी डाळिंबी, कडेला विटकरी. पहिल्या वासात काहीच नाही, तळघराची ओल तेवढी. काका म्हणाले, “थांबा.” दहाएक मिनिटांनी ग्लासातून धुरावलेल्या मांसाचा वास आला, मग काळ्या ऑलिव्हचा, मग वाळलेल्या गुलाबपाकळ्यांचा. फळ होतं, पण मागच्या खोलीत बसल्यासारखं. तरुणपणी या वाइनमध्ये सगळ्यात आधी भेटतं ते रासबेरी-ब्लॅकबेरीचं फळ, आणि त्याच्या आवाजात बाकी काही ऐकूच येत नाही. इथे ते ओसरलं होतं. घोट घेतल्यावर तुरटपणा जिभेवर कुठे बसला ते सांगता येईना, पण तो नव्हता असंही नाही. आणि गिळल्यानंतर बराच वेळ मिरी.

ही मिरी म्हणजे वाइनवाल्यांची कविकल्पना नव्हे. सिरा द्राक्षाच्या सालीत रोटंडोन नावाचं द्रव्य असतं, आणि आपल्या काळ्या मिरीचा वासही त्याचाच. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2008मध्ये ते नक्की केलं. त्याच अभ्यासातली गंमत अशी की दर पाचांतल्या साधारण एका माणसाला रोटंडोनचा वास येतच नाही. माझा नवरा त्यातला. मी आणि काका मिरी-मिरी करत होतो आणि तो शांतपणे म्हणत होता, “मला फुलं येताहेत.” टेबल एक, बाटली एक, आणि तिघांच्या नाकात दोन वाइन. तेव्हापासून कुणी चवीचं वर्णन छातीठोकपणे करू लागलं की मी नवऱ्याकडे बघते.

1991 का, हे सांगायला हवं. त्या वर्षी एप्रिलमध्ये बोर्दो या नामांकित वाइनप्रांतात कडक हिमतुषार पडले आणि कोवळे कोंब जळून गेले. बोर्दोचं वाईट झालं की जगाच्या लेखी फ्रान्सचंच वर्ष वाईट. त्यात आधीचं 1990 उन्हाळी, भरघोस, सगळ्यांनी डोक्यावर घेतलेलं. उत्तर ऱ्होनमध्ये, म्हणजे कोत-रोतीच्या पट्ट्यात, 1991 प्रत्यक्षात उत्तम पिकलं होतं, कोत-रोतीत तर अनेकांच्या मते 1990हूनही सरस, पण ऐकायला कुणाला वेळ नव्हता. काकांनी तेव्हा 1991 जास्त घेतलं ते काही दूरदृष्टीने नव्हे. ते स्वस्त होतं.

आता माझं मत, ज्यावर वाइनप्रेमी मित्रमंडळी नाराज असतात: मला जुन्या बाटल्या गाजलेल्या वर्षांपेक्षा दुर्लक्षित वर्षांच्या जास्त आवडतात. गाजलेलं वर्ष म्हणजे बहुधा ऊन, जाड साल, भरपूर साखर, भरपूर टॅनिन, म्हणजे तुरटपणा. असं सगळं मोठं असलेलं वर्ष तीस वर्षांनीही आपण मोठे असल्याचंच सांगत राहतं. काही तर बोलायलाच तयार होत नाहीत. काकांकडे 1983ची एर्मिताज होती. उत्तर ऱ्होनमध्ये ते वर्ष टॅनिनने ठासून भरलेलं, जपून ठेवा असं तेव्हा सगळे म्हणायचे. आम्ही उघडली तेव्हा फळ संपलेलं होतं आणि तुरटपणा कच्च्या जांभळासारखा जिभेला तसाच चिकटलेला. बोर्दोच्या 1975बद्दल तर हे जुनंच दुखणं आहे. लोक वाट बघून म्हातारे झाले, टॅनिन मऊ झालं नाही.

वाट बघायची म्हणजे आत नक्की कशाची? साल, बिया, देठ आणि ओकचं पिंप यांतून टॅनिन येतं. सालीतला रंग अँथोसायनिन नावाच्या द्रव्याचा. बुचातून आणि बुचाभोवतीच्या फटीतून येणाऱ्या नाममात्र प्राणवायूच्या सोबतीने हे दोन्ही एकमेकांना धरत जातात, साखळ्या लांबतात, जड होतात आणि तळाशी बसतात. काकांच्या विजेरीत दिसलेली काळी रेघ म्हणजे तरुणपणचा रंग आणि तुरटपणाच. म्हणून वाइन विटकरी होते, म्हणून मऊ होते. त्याच काळात फळाचे वासही मोडत असतात आणि त्यांच्या जागी चामडं, तंबाखू, अळंबी, ओलं पान असे वास येतात. दोन्ही गाड्या एकाच वेळी स्टेशनात याव्या लागतात. टॅनिनची उशिरा आली तर फलाटावर फळ उरलेलं नसतं. (रेल्वेची उपमा काकांची, माझी नाही.) मोठी बाटली सावकाश पिकते, उबदार जागी ठेवलेली घाईने. तेरा-चौदा अंशांचं तळघर म्हणून तर सोन्याच्या भावाचं.

इतकं सगळं जुळून आलं तरी एक बाटली म्हणजे दुसरी नव्हे. या धंद्यात म्हणतात की जुन्या वाइन थोर नसतात, जुन्या बाटल्या थोर असतात. एकाच खोक्यातल्या, शेजारी-शेजारी पडून राहिलेल्या दोन बाटल्यांपैकी एक गाते आणि दुसरी मेलेली निघते. कधी बुचाचाच दोष: ट्रायक्लोरोॲनिसोल नावाचं द्रव्य लिटरमागे काही नॅनोग्रॅम असलं तरी पुरतं, वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो आणि तिथून परतीची वाट नाही. अशा वेळी काका एका शब्दाचीही हळहळ न करता बाटली मोरीत रिकामी करतात. मला हे फार आवडतं. कारण मी अशाही टेबलांवर बसले आहे जिथे स्पष्ट मेलेल्या बाटलीची, केवळ लेबल मोठं म्हणून, माना डोलावून स्तुती झाली. “नाजूक”, “चिंतनशील” असे शब्द ऐकू आले की समजावं.

लेबलापुढे नाक किती दुबळं असतं याचा प्रयोगच झालेला आहे. बोर्दोच्या विद्यापीठात वाइनचं शिक्षण घेणाऱ्या 54 विद्यार्थ्यांना एक पांढरी वाइन दिली आणि तीच, बेचव लाल रंग घालून, दुसऱ्या ग्लासात दिली. रंगवलेल्या ग्लासाचं वर्णन त्यांनी लाल वाइनच्या शब्दांत केलं. प्रयोग करणाऱ्यांपैकी फ्रेदेरिक ब्रोशे यांचं नाव यावरून गाजलं. निष्कर्ष 2001मध्ये छापून आले. नाकाने जे ओळखायचं ते डोळ्यांनी आधीच ठरवून टाकलेलं. या दुबळेपणावर रुडी कुर्नियावान नावाच्या गृहस्थाने अमेरिकेत बनावट जुन्या वाइनचा मोठा धंदा उभा केला. 2008मध्ये न्यूयॉर्कच्या एका लिलावात त्याच्याकडून आलेल्या पॉन्सो घराण्याच्या क्लो सँ-दनीच्या बाटल्या होत्या, 1945 ते 1971 या सालांच्या. स्वतः लोराँ पॉन्सो फ्रान्समधल्या बर्गंडी प्रांतातून तिथे जाऊन हजर झाले, कारण त्यांच्या घराण्याने ही वाइन काढायला सुरुवात केली ती 1982मध्ये. कुर्नियावानला 2013मध्ये दोषी ठरवलं आणि पुढच्या वर्षी दहा वर्षांची शिक्षा झाली. त्याआधी त्याच्या बाटल्या पिऊन किती जाणकारांनी माना डोलावल्या असतील याचा मी आनंदाने विचार करते. बनावट असूनही त्या चवीला बऱ्या असाव्यात. नाहीतर इतकी वर्षं चाललं नसतं.

खरीखुरी असूनही जी कुणी पिईल की नाही याची शंका वाटते ती रोमाने-काँतीची 1945. बर्गंडीतला हा तुकडा जेमतेम 1.8 हेक्टरचा. अप्पांच्या प्रश्नाला तिथे 1945पर्यंत उत्तरच नव्हतं, कारण तोपर्यंत तिथल्या वेली स्वतःच्या फ्रेंच मुळांवर उभ्या होत्या. कीड औषधांनी कशीबशी लांब ठेवली जायची. युद्धात औषधं मिळेनात, वेली खंगल्या आणि त्या वर्षाच्या साधारण 600 बाटल्या काढून बाग उपटली. त्यातली एक 2018मध्ये न्यूयॉर्कला 5,58,000 डॉलरना गेली. त्या भावात ती पेय राहत नाही.

बर्गंडीचा माझा हिशेब त्यामानाने गरिबाचा. बोनजवळच्या साव्हिन्यी गावाची 1993ची साधी, गावाच्याच नावाची, पिनो न्वार द्राक्षाची लाल वाइन काकांनी एका रविवारी वर आणली. 1993च्या लाल बर्गंडीला पार्करने तेव्हा नाकं मुरडली होती: आंबट आहे, कडक आहे. त्याच आंबटपणाने ती ताठ उभी राहिली होती. वास ओल्या मातीचा आणि आंबट चेरीचा, रंग इतका फिका की टेबलावरचं कापड आरपार दिसावं. अशा वाइनपुढे आपलं तिखट चालत नाही. मिरचीने ती जागीच संपते. मी त्या दिवशी तूप घालून मऊ वरणभात केला होता, लिंबाशिवाय. काकांनी दोनदा घेतला. त्यानंतर ते जुनी पिनो उघडायची असली की आधी मला विचारतात, “मादाम, तो पिवळा भात?”

पिताना एक गोष्ट लक्षात आली, आणि ती नंतर डोक्यातून गेली नाही. बाटलीवर अल्कोहोल साडेबारा टक्के लिहिलं होतं. आज त्याच गावाची नवी बाटली बहुधा साडेतेराच्या खाली नसते. बोनमध्ये द्राक्षतोडणीच्या तारखांच्या नोंदी 1354पासून जुळवता येतात. त्या सलग लावून बघितल्यावर इतिहासकारांना दिसलं की 1988नंतर तोडणी सरासरी तेरा दिवस आधी होऊ लागली आहे. म्हणजे मला आवडतात ती थंड, काटकुळी, कुणी न नावाजलेली वर्षं आता फारशी येणारच नाहीत. बागाईतदारांना त्याचं वाईट वाटायचं कारण नाही. पूर्वी दहा वर्षांत तीन-चार पिकं नीट पिकायची, आता बहुतेक वर्षं पिकतात. अप्पांना सांगितलं तर ते म्हणतील, मग तक्रार कसली? तक्रार नाहीच. पण मिरीसुद्धा थंड वर्षीच जास्त उतरते, आणि काकांच्या तळघरातल्या त्या चवीचा नवा पुरवठा कमी होत चालला आहे, एवढं खरं.

इथे मूल जन्मलं की त्या सालाच्या बाटल्या घेऊन ठेवायची पद्धत आहे. आमची मुलगी 2014ची. उत्तर ऱ्होनमध्ये तो उन्हाळा गार आणि ओला होता, वर एका नव्या माशीने मणी फोडले. लगेच पुढचं 2015 मात्र झगझगीत. दुकानदार हसून म्हणाला, एक वर्ष थांबला असतात तर. मी 2014ची कोत-रोती घेतली आणि ती काकांच्याच कप्प्यात ठेवली, आमच्यात जागा नव्हती. उघडायची कधी यावरून सध्या मतभेद आहेत. नवरा म्हणतो, ती अठरा वर्षांची होईल तेव्हा, म्हणजे 2032. काका म्हणतात, हलकं वर्ष आहे, इतकं ताणू नका, 2028ला बघा. यात त्यांचं स्वतःचं वयही जमेस धरलेलं आहे, पण ते कुणी बोलत नाही. मुलगी विचारते, विकल्या तर नवी सायकल येईल का.